शाईंतले चार सज्जन

दक्षिण कोरियाच्या मध्यवर्ती बँकेनें २००९ सालीं पन्नास हजार वॉनची नवी नोट काढली. तिच्या दर्शनी बाजूस शिन साइम्दांग (१५०४–१५५१) या विदुषी चित्रकर्तीची आकृति आहे. नोट उलटून पाहिली म्हणजे मात्र परक्या माणसास थोडें नवल वाटतें. तेथें राजवाडा नाहीं, सेनापति नाहीं, धरण किंवा पूलही नाहीं. सरळ वर गेलेली एक फुलांची फांदी, तिच्या शेंड्याजवळ चंद्र, आणि मागच्या बाजूस वाऱ्यानें एका अंगास झुकलेले वेळू, एवढेंच काय तें तेथें दिसतें. फांदी ओ मोंग-र्योंग याच्या चित्रावरून घेतलेली आहे, वेळू यी जोंग याच्या. दोघेही सुमारें चारशें वर्षांपूर्वींचे. एखादें राष्ट्र आपल्या सर्वांत मोठ्या किंमतीच्या नोटेवर चार काळ्या फटकाऱ्यांचें झुडूप छापतें, तेव्हां त्या झुडुपाच्या पाठीमागें शोभेहून अधिक कांहींतरी असलें पाहिजे, असा तर्क कोणीही करील. तो तर्क बरोबर आहे. पण तें ‘अधिक कांहीं’ कोणतें, याविषयीं सामान्यतः जें सांगण्यांत येतें तें आमच्या मतें अपुरें आहे, आणि तें तसें कां, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सामान्यतः सांगतात तें असें. कोरियन भाषेंत ‘सागुन्जा’ म्हणजे चार सज्जन. ‘गुन्जा’ हा कन्फ्यूशियसच्या शिकवणींतला आदर्श पुरुष. विद्या, विनय आणि निष्ठा यांनीं युक्त असा. हें नांव चार वनस्पतींना मिळालें आहे: मेह्वा, नान, गुक आणि जुक. मेह्वाला इंग्रजींत प्लम म्हणतात, पण खरें पाहतां तें झाड जर्दाळूच्या अधिक जवळचें. थंडी सरण्यापूर्वींच पर्णहीन फांदीवर तें फुलतें, म्हणून तें धैर्याचें चिन्ह. नान ही आमरीच्या कुळांतली. पण आपल्या सह्याद्रींत खोडावरून घोसानें लोंबणाऱ्या सीतेच्या वेणीसारखी ती नव्हे. ती जमिनींत वाढते; तिचीं पानें गवताच्या पात्यांसारखीं लांब व अरुंद, फूल लहान व फिकट. ओसाड दरींत हुंगणारा कोणी नसतांही ती सुगंध देते अशी समजूत, म्हणून ती एकांतांतल्या निर्मळ शीलाचें चिन्ह. गुक म्हणजे शेवंती. इतर फुलें सरल्यावर ती गारठ्यांत उमलते, म्हणून ती निवृत्त माणसाच्या स्वाभिमानाचें चिन्ह. जुक म्हणजे वेळू. बाराही महिने हिरवा, आंतून पोकळ म्हणून निरहंकारी, आणि पेऱ्यापेऱ्यानें वाढणारा. पेरें आणि निष्ठा या दोहोंना चिनी लिपींत एकच अक्षर आहे, हा त्यांतला आणखी एक श्लेष. वसंत, ग्रीष्म, शरद् आणि शिशिर असे चार ऋतूही या चौघांनीं वांटून घेतले आहेत. हा सारा संकेत मूळचा चीनमधला. गोर्यो राजवटींत (९१८–१३९२) तो कोरियांत रुजला आणि जोसन राजवटींत (१३९२–१९१०) त्याला बहर आला. चौघांना एकत्र मांडून चित्रमालिका काढण्याची चाल तेथें अठराव्या शतकांत, गांग से-ह्वांग (१७१३–१७९१) याच्या सुमारास स्थिर झाली.

हें सर्व खरें आहे. परंतु एवढ्यावर थांबणारा प्रेक्षक चित्राकडे पाहत नाहीं, तो कोश उघडतो. मेह्वा म्हणजे धैर्य हें एकदां पाठ झालें कीं, मेह्वाचीं शंभर चित्रें त्याला सारखींच. कारण सगळ्यांचा अर्थ एकच. आपल्याकडेही हा प्रकार अपरिचित नाहीं. कमळ दिसलें कीं अलिप्तता, चातक दिसला कीं एकनिष्ठा, अशीं समीकरणें मांडून कविता वाचणारे वाचक आपण पाहतों, आणि अशा वाचकांच्या सोयीसाठीं कविता लिहिणारे कवीही पाहतों. जें चिन्ह सर्वांना फुकट मिळतें त्याला स्वतःची अशी किंमत उरत नाहीं. तेव्हां खरा प्रश्न हा कीं, शतकानुशतकें त्याच चार वनस्पति काढीत राहिलेल्या लोकांना प्रत्येक वेळीं नवें असें काय सांगावयाचें होतें?

या प्रश्नाचें उत्तर प्रथम कुंचल्याच्या फटकाऱ्यांत शोधलें पाहिजे. जोसन दरबाराचें ‘दोह्वासो’ नांवाचें चित्रखातें होतें. तेथें चित्रकार नेमतांना जी परीक्षा होई तींत, पंधराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या राज्याच्या विधिसंग्रहाप्रमाणें, वेळूला पहिली श्रेणी होती. निसर्गदृश्याला दुसरी, मनुष्यें व प्राणी यांना तिसरी आणि फुलांना चौथी. डोंगर-नद्यांहून वेळूचा मान मोठा हें वाचून आपणांस हंसूं येईल. पण कुंचला हातीं धरून पाहणाऱ्यास तें येणार नाहीं. शाई कागदावर किंवा रेशमावर एकदां टेकली कीं ती पुसतां येत नाहीं, आणि वेळूच्या चित्रांत चूक झांकावयास जागा नाहीं. प्रत्येक पेरें एका दमांत, प्रत्येक पान एका फटकाऱ्यांत. लेखनाचेंही असेंच. कुंचला, शाई व कागद तींच; पत्र लिहिणारा हातही तोच. म्हणून विद्वानाच्या दृष्टीनें असें चित्र काढणें हा लिहिण्याचाच एक प्रकार होता, आणि अक्षरावरून माणूस ओळखतां येतो हा विश्वास वेळूलाही लागू झाला.

यी जोंग (१५५४–१६२६) हा सेजोंग राजाच्या वंशांतला. १५९२ सालीं जपानची जी स्वारी झाली तींत तरवारीच्या घावानें त्याचा उजवा हात जायबंदी झाला. दोन वर्षांनीं, १५९४ सालीं, त्यानें काळ्या रंगविलेल्या रेशमावर सोन्याच्या शाईनें वेळू, मेह्वा आणि नान यांचीं चित्रें काढून एक संग्रह सिद्ध केला. तो आज गान्सोंग संग्रहालयाच्या मालकीचा आहे. वेळू वाकतो पण मोडत नाहीं, हें वाक्य एरवीं एका सुभाषिताहून अधिक नाहीं. पण असा घाव झेलून सावरलेल्या माणसानें, युद्ध अजून मिटलें नसतां, न थरथरतां ओढलेलें पान पाहिलें म्हणजे त्या सुभाषिताला साक्षीदार मिळतो. नोटेवर घेतलेलें त्याचें वाऱ्यांतल्या वेळूंचें चित्रही असेंच. पुढचा एक वेळू गडद शाईचा, मागचे फिक्या शाईचे, जणूं त्याच्याच सावल्या. वारा एकच आहे. तो सर्वांना लागतो. परंतु एकाचेंच पातें धार लावल्यासारखें स्पष्ट दिसतें. ओ मोंग-र्योंगच्या मेह्वाचें जुनें खोड मधेंच तुटलेलें आहे, आणि त्यांतून निघालेली कोवळी फांदी जराही न वळतां थेट वर जाते. फुलें अगदीं मोजकीं. इतर देशांतल्या चित्रकारानें फुलांचा भार दाखविला असता. येथें भार आहे तो तुटलेल्या खोडाचा.

आतां नानकडे वळूं. तिचें पान काढण्याची रीत ठरलेली आहे. पहिलें पान लांब. दुसरें त्याला छेदून जाणारें. दोहोंच्या मधें जो पोकळ आकार राहतो त्याला दिव्य पक्ष्याचा डोळा म्हणतात. तिसरें पान तो डोळा फोडून जातें. तीन फटकाऱ्यांत सारें शास्त्र संपलें. या रीतीविषयीं ज्यानें सर्वांत कठोर विचार केला तो किम जोंग-ही (१७८६–१८५६), टोपण नांव चुसा. जोसन काळांतला हा थोर अक्षरलेखक व पंडित. आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रांत त्यानें असा उपदेश केला आहे कीं, नान ही अक्षरासारखी लिहावी, चित्र म्हणून रंगवूं नये. जिच्यांत अक्षरांचा सुगंध आणि ग्रंथांचें तेज नाहीं ती नान व्यर्थ. आणि याच पत्रांत, आपल्याच पंथांतला चित्रकार चो ही-र्योंग (१७८९–१८६६) याचें उदाहरण देऊन, त्याच्यासारखे लोक शेवटीं चित्रकारीच्या पलीकडे जाऊं शकत नाहींत असा शेरा मारला आहे.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. चो ही-र्योंग हा कुलीन उमरावांपैकीं नव्हे. तो मधल्या थरांतला गणला जाई. मेह्वाचें त्याला वेड होतें. स्वतः रंगविलेल्या मेह्वाचा पडदा भोवतीं लावून तो निजे. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रांत लहानशा झोंपडींत बसलेल्या विद्वानाभोवतीं मेह्वाचीं फुलें इतकीं दाटलीं आहेत कीं, तीं हिमवर्षावासारखीं दिसतात. हातांतलें कसब ही लाजेची गोष्ट नव्हे असें त्याचें मत होतें, आणि कुलीन नसलेल्या गुणी माणसांचीं चरित्रें गोळा करून त्यानें १८४४ सालीं एक ग्रंथही लिहिला. तेव्हां ‘ग्रंथांचें तेज’ ही कसोटी शुद्ध कलेची होती कीं कुळाची, अशी शंका येणें साहजिक आहे. चार सज्जनांच्या मंडळींत प्रवेश कोणास, हा तंटा कलेचा असला तरी त्याच्या खालीं समाजाची उतरंड आहे. फावला वेळ, ग्रंथसंग्रह आणि गुरु हीं ज्याला जन्मतः मिळालीं, त्यानें ज्याला तीं मिळालीं नाहींत त्याच्या फुलांत ग्रंथांचा वास नाहीं म्हणावें, हें न्यायाचें नव्हे. आणि शीलाच्या चित्रांविषयीं बोलतांना न्यायाचा प्रश्न बाजूस ठेवतां येत नाहीं.

परंतु आश्चर्य असें कीं, किम जोंग-हीच्या या शेऱ्याला सर्वांत चोख उत्तर त्याच्याच कुंचल्यानें दिलें आहे. १८४० सालीं राजकारणाच्या फेऱ्यांत सांपडून तो जेजू बेटावर हद्दपार झाला आणि सुमारें आठ वर्षें तेथें कांटेरी कुंपणाच्या आंत राहिला. राजधानींतले मित्र हळूहळू दूर झाले. एक शिष्य मात्र झाला नाहीं. यी सांग-जोक (१८०४–१८६५) हा व्यवसायानें दुभाषा, म्हणजे चो ही-र्योंगप्रमाणेंच मधल्या थरांतला. शिष्टमंडळाबरोबर बीजिंगला गेला कीं तो दुर्मिळ ग्रंथ मिळवी आणि समुद्रापलीकडे गुरूकडे पाठवी. त्यापासून त्याला लाभ कांहींच नव्हता; धोका मात्र होता. १८४४ सालीं किम जोंग-हीनें त्याच्यासाठीं एक चित्र काढलें. त्याचें नांव ‘सेहान्दो’, म्हणजे ऐन थंडीचें चित्र. थंडी पडल्यावरच देवदार आणि सरू यांची ओळख पटते, अशा अर्थाचा कन्फ्यूशियसचा जो विचार प्रसिद्ध आहे त्यावरून हें नांव आलें. उंची सुमारें २३ सेंटिमीटर, लांबी सुमारें ६९. वाटोळ्या खिडकीचें एक घर, भोंवतीं चार झाडें, आणि बाकी सर्व मोकळा कागद. कुंचला जवळजवळ कोरडा; शाई जणूं कागदावर घासून काढलेली. घरांत माणूस नाहीं, वाटेवर माणूस नाहीं.

या झाडांची गणना चार सज्जनांत होत नाहीं. पण त्यांचें कुळ तेंच, आणि आमच्या मतें या सबंध परंपरेचें मर्म येथें जसें उघड होतें तसें अन्यत्र क्वचितच होत असेल. कारण येथें झाडाचें चिन्ह सद्गुणाच्या सर्वसाधारण नांवाला लावलेलें नाहीं, एका विशिष्ट माणसाला लावलेलें आहे. ग्रंथ पाठविणारा तो दुभाषा हेंच थंडींतलें हिरवें झाड. ज्या विद्वानानें मधल्या थरांतल्या चित्रकारास हिणविलें, त्यानेंच आपलें श्रेष्ठ चित्र मधल्या थरांतल्या माणसाच्या निष्ठेपुढें ठेवलें. ‘नान’चें त्याचें सर्वांत गाजलेलें चित्र तर त्यानें प्रथम आपल्या दाल्जुन नांवाच्या सेवकासाठीं काढलें होतें. नंतर एका शिष्यानें तें पाहिलें आणि बळेंच उचलून नेलें, ही गोष्ट त्यानें चित्रावरच थट्टेनें लिहून ठेवली आहे. वीस वर्षें आपण नान काढली नव्हती, आणि आतां अवचित ती साधली, असेंही तो सांगतो. आणि कोणी याचा अर्थ विचारून छळलेंच तर वैशालीच्या विमलकीर्तीप्रमाणें मौन धरूं, अशी पुस्ती जोडतो. अद्वैत म्हणजे काय, या प्रश्नाला मौनानेंच उत्तर देणारा हा बौद्ध गृहस्थ आपल्या देशांतला. त्याचें मौन चीनमार्गें कोरियांत पोहोंचलें आणि गवतासारख्या एका झुडुपाच्या शेजारीं जाऊन बसलें. जो पंडित मुलाला नियम सांगत होता, तोच येथें कोश मिटून टाकतो.

असें असलें तरी एक अडचण शिल्लक राहते, आणि ती लहान नाहीं. किम जोंग-हीचा नानमधला सर्वांत नांवाजलेला शिष्य म्हणजे हुंगसोन देवन्गुन (मूळ नांव यी हा-उंग, १८२०–१८९८). गुरूनें त्याच्या नानची तोंड भरून स्तुति केली होती, आणि ती योग्य होती. खडकाच्या कडेवरून खालीं झेपावणारें त्याचें पान सुईच्या अग्रासारखें निमुळतें होत जातें आणि शेवटपर्यंत जिवंत राहतें. हाच पुरुष १८६३ च्या अखेरीस आपल्या अल्पवयीन मुलाच्या नांवानें राज्याचा सूत्रधार झाला. १८६६ सालीं सुरू झालेल्या छळांत हजारों ख्रिस्ती कोरियन मारले गेले, ते त्याच्याच अमलांत. विद्वानांचीं शेंकडों पीठें त्यानें मोडलीं. फक्त ४७ ठेवलीं. त्या पीठांनीं शेतकऱ्यांना नाडलें होतें हें खरें, तेव्हां त्या कृत्याला दुसरी बाजूही आहे. रक्तपाताला मात्र ती नाहीं. एकांतांत सुगंध देणाऱ्या निर्मळ शीलाचें चिन्ह अशा हातानें इतकें सुंदर काढावें, याचा अर्थ काय लावावयाचा? त्याच्या नानला पुढें इतकी मागणी आली कीं, कांहीं त्यानें दुसऱ्यांकडून काढवून घेतल्या असें सांगतात. म्हणजे शीलही नकलून मिळूं लागलें.

अक्षरावरून माणूस ओळखतां येतो हा जुना विश्वास जर शब्दशः खरा मानला, तर येथें तो कोसळतो. आम्ही तो तसा मानीत नाहीं. चार सज्जनांचें चित्र हें चित्रकाराच्या चारित्र्याचा दाखला होऊं शकत नाहीं. तो त्यानें स्वतःपुढें ठेवलेला एक मापदंड असतो, आणि मापदंड हातीं धरणारा त्या मापाचा असतोच असें नाहीं. देवन्गुनची नान त्याच्या कृत्यांना निर्दोष ठरवीत नाहीं. उलट, त्याला काय ठाऊक होतें हें ती सांगते, आणि त्यामुळें त्याचा दोष अधिकच स्पष्ट होतो. जो अज्ञानानें चुकला त्याच्याविषयीं एक बोलतां येतें. ज्याच्या हाताला निर्मळपणाची रेषा पाठ होती त्याच्याविषयीं दुसरें.

परंपरेच्या शेवटच्या पर्वांत हा मापदंड एकेका माणसाच्या हातून निसटून सबंध देशाला लागला. १९०५ सालीं जपाननें कोरियावर आपलें संरक्षण लादलें, तेव्हां मिन योंग-ह्वान (१८६१–१९०५) या मुत्सद्द्यानें निषेधार्थ प्राण दिला. पुढच्या वर्षीं, त्याचीं रक्ताळलेलीं वस्त्रें जेथें ठेवलीं होतीं त्या खोलीच्या जमिनींतून वेळू उगवला अशी बातमी वृत्तपत्रांत आली. लोक पाहावयास लोटले आणि त्या वेळूचीं चित्रेंही निघालीं. ती घटना कशी घडली याचा निर्णय आम्ही करीत नाहीं. पण शतकानुशतकें वेळूकडे त्या दृष्टीनें पाहिलेल्या जनतेनें त्या कोंभांत काय पाहिलें असेल हें समजणें अवघड नाहीं. त्याच घराण्यांतला मिन योंग-इक (१८६०–१९१४) परागंदा होऊन शांघाय येथें राहिला आणि तेथेंच वारला. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रांतल्या नानच्या मुळ्या उघड्या आहेत. खालीं माती नाहीं. ही कल्पना जुनी. १२७९ सालीं सुंग राज्य बुडाल्यावर चीनमधला झेंग सिशियाव (१२४१–१३१८) हा चित्रकार बिनमातीची नान काढूं लागला होता. भूमीच परक्यांनीं नेली, तर माती कोठून काढावी, असा त्याचा भाव. सहाशें वर्षांनीं एका निर्वासित कोरियन माणसानें तोच संकेत उचलला आणि त्याला तो एक अक्षरही न बदलतां लागू पडला. उसनें घेतलेलें चिन्ह स्वतःचें कसें होतें, याचें याहून दुःखद उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

सेहान्दोची पुढील हकीकत सांगून हा लेख संपवितों. यी सांग-जोकनें तें चित्र बीजिंगला नेलें. तेथें सोळा विद्वानांनीं त्यावर अभिप्राय लिहिले. चित्र हातोहात फिरलें आणि शेवटीं फुजित्सुका चिकाशी या जपानी पंडिताकडे गेलें. किम जोंग-हीच्या विद्येचा तो खरा अभ्यासक होता. १९४४ सालीं, तोक्योवर बाँब पडण्याच्या भीतींत, सोन जे-ह्योंग (१९०३–१९८१) हा कोरियन अक्षरलेखक तेथें गेला आणि दिवसामागून दिवस त्याच्या दारीं जाऊन चित्र मागत राहिला. शेवटीं त्या जपानी पंडितानें तें त्याच्या स्वाधीन केलें. पुढच्याच वर्षीं फुजित्सुकाचा ग्रंथसंग्रह विमानहल्ल्यांत जळाला. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४९ सालीं, कोरियन विद्वानांनींही त्या गुंडाळीवर आपले अभिप्राय जोडले. २०२० सालीं ती एका संग्राहकानें राष्ट्रीय संग्रहालयास अर्पण केली. आज ती गुंडाळी चौदा मीटरांहून अधिक लांब आहे, आणि तींत चित्र आहे तें दोन हातही नाहीं.

बाकीचा सगळा कागद, थंडींत कोण हिरवें राहिलें हें लिहिणाऱ्यांचा आहे. चित्र देऊन टाकणाऱ्या त्या शत्रुराष्ट्रांतल्या पंडिताला चुसानें पाहिलें असतें, तर चार झाडांच्या शेजारीं पांचवें झाड काढावयास तो कचरला नसता, असें आम्हांस वाटतें.